शंभर मीटरच्या पलीकडे कोण राहतं?

शंभर मीटर म्हणजे किती हो? उसेन बोल्टला विचाराल, तर ९.५८ सेकंद. २००९ साली बर्लिनमध्ये त्याने तेवढ्यात ते संपवलं आणि तो रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेला नाही. आमच्या मुकुंदवाडीच्या रिक्षावाल्याला विचाराल, तर ‘इथंच तर आहे ताई, चालत जा की.’ आणि ऑफिसातल्या आयटीवाल्याला विचाराल, तर तो एकदम सिरियस चेहरा करून सांगेल, ‘मॅडम, त्याच्यापुढे वायर जात नाही.’

जात नाही म्हणजे काय? नेटवर्क केबलचं खोकं येतं तेच मुळी ३०५ मीटरचं, म्हणजे हजार फुटांचं. ओढत राहा, वायर बिचारी निमूट येत राहते. मग शंभरावर अडतं काय?

तुम्ही म्हणाल, आता काय त्याचं, सगळं वायफायवर चालतं. बॉस, जरा मान वर करा. छताला चिकटलेल्या त्या पांढऱ्या वायफायच्या डब्याच्या मागून एक वायर निघालेली दिसेल. तुमचा सकाळचा बायोमेट्रिक अंगठा, कॉरिडॉरमधला कॅमेरा, रिसेप्शनचा फोन, सगळं त्याच वायरीला लटकलेलं आहे. वायरलेस जगाच्या पाठीमागे भरपूर वायर असते, आणि त्या प्रत्येक वायरीच्या कपाळावर हाच आकडा लिहिलेला असतो.

मी एचआरवाली. माझा आणि वायरींचा संबंध लॅपटॉप चार्ज करण्यापुरता. पण गेल्या वर्षी आमच्या कंपनीत एका माणसाची नोकरी या आकड्यावर येऊन अडकली, आणि मला हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावं लागलं. ती गोष्ट सांगतेच, पण आधी फंडा क्लिअर करून घेऊ.

‘नाही नाही, तुम्ही बोला’

आयटीवाल्या दहा जणांना विचारा, निम्मे तरी सांगतील की हा आकडा ‘कोलिजन’मुळे आला. कॉम्प्युटर क्लासच्या जुन्या नोट्समध्येही हेच उत्तर सापडतं. ते ऐकायला इतकं छान आहे की खोटं वाटत नाही.

इथरनेटचा जन्म १९७३चा, अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेतला. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ही जोडी त्यामागे होती. त्या काळी सगळे कॉम्प्युटर एकाच जाडजूड केबलला टोचलेले असायचे. नियम एकच, एका वेळी एकानेच बोलायचं. दोघं एकदम बोलले तर टक्कर. मग दोघांनीही गप्प बसायचं, थोडं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. थोडक्यात, आपला सोमवारचा कॉन्फरन्स कॉल. ‘हां, तर मी म्हणत होतो...’ ‘सॉरी, तुम्ही बोला.’ ‘नाही नाही, तुम्ही.’

आता यात एक मेख आहे. टक्कर झाली हे बोलणाऱ्याला त्याचं वाक्य संपायच्या आत कळायला हवं. नाहीतर त्याला वाटणार, आपलं पोचलं. म्हणून सगळ्यात छोटा निरोपसुद्धा ६४ बाइटपेक्षा कमी नको असं ठरलं. १० मेगाबिटच्या नेटवर्कवर तेवढा निरोप पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात सिग्नलने या टोकापासून त्या टोकाला जाऊन परत यायचं. मधल्या यंत्रांचा उशीर धरून हिशेब केला, की सगळं नेटवर्क मिळून सुमारे अडीच किलोमीटरचं करता येतं.

अडीच किलोमीटर! शंभर मीटर नव्हे. फोनच्या वायरीसारख्या, पीळ घातलेल्या जोड्यांवर चालणारं इथरनेट १९९० साली आलं. त्याचा वेग १० मेगाबिटच होता, म्हणजे वेळेच्या हिशेबाने त्याला अडीच किलोमीटरची मोकळीक होती. तरीही त्यात एका वायरीची लांबी शंभर मीटरच धरली होती. १९९५मध्ये वेग दहापट झाला, टकरीचं अंतर आक्रसून सुमारे दोनशे मीटरवर आलं. पण ती अट अख्ख्या नेटवर्कची होती, एका वायरीची नव्हे.

१९९७च्या सुमाराला तर ‘फुल ड्युप्लेक्स’ आलं. जायची लेन वेगळी, यायची वेगळी, टकरीचा प्रश्नच मिटला. आज तुमच्या ऑफिसातल्या स्विचवर टक्कर म्हणून काही होतच नाही. पण शंभराचा आकडा जागचा हललेला नाही. शंभर मीटर वायर पार करायला सिग्नलला लागतो साधारण अर्धा मायक्रोसेकंद. म्हणजे उशिरा पोचणं ही त्याची अडचण नाहीच. त्याची अडचण आहे ती थकून पोचणं.

पंगतीत शेवटचा पाट

लग्नाची मोठी पंगत आठवा. वाढपी पहिल्या पाटापाशी, तुम्ही शेवटच्या. तुम्ही ओरडता, ‘अहो, वरण!’ वाढप्याला ऐकू जात नाही. का? दोन कारणं. एक, तुमचा आवाज तिथवर पोचेपर्यंत बसतो. दोन, मधल्या पन्नास पाटांवर गलका चाललेला असतो. तुमचा आवाज जिथे त्या गलक्याखाली दबतो, तिथे तुमचं वरण संपलं.

वायरीत नेमकं हेच होतं. कॅट-५ई या नेहमीच्या वायरीवर, तिच्या वरच्या टोकाच्या फ्रिक्वेन्सीला, शंभर मीटरमध्ये सिग्नलची घट साधारण २४ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. डेसिबल म्हटलं की आपण पान उलटतो, म्हणून सरळ सांगते. पाठवलेल्या शक्तीचा जेमतेम अडीचशेवा भाग पलीकडे पोचतो. फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितका प्रवाह तारेचा गाभा सोडून तिच्या कातडीवरून धावतो आणि तितका लवकर दमतो.

आणि गलका? तो वायरीच्या पोटातच असतो. निळ्या आवरणाखाली आठ तारा, चार जोड्या. एका जोडीतलं बोलणं शेजारच्या जोडीत झिरपतं. सगळ्यात वाईट अवस्था टोकाला होते. तुमचं मशीन स्वतः मोठ्याने बोलत असतं आणि त्याच वेळी त्याला लांबून आलेली अडीचशेव्या हिश्श्याची कुजबुज ऐकायची असते. कानाशी लाउडस्पीकर लावून आईचा फोन घेण्यासारखं.

यावर उपाय फार जुना आहे. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घालायचा, म्हणजे बाहेरचा त्रास दोघींना सारखाच होतो आणि वजाबाकीत उडून जातो. ग्रॅहम बेलने याचं पेटंट १८८१ साली घेतलं होतं. नेटवर्क केबल उघडून पाहा, चारही जोड्यांचा पीळ वेगवेगळ्या अंतराचा असतो. शेजारणींचा ठेका जुळला तर गप्पा रंगतात ना, म्हणून ठेकाच वेगळा ठेवायचा. प्लग बसवताना हा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवू नये म्हणतात, ते याचसाठी.

तर शंभर ही भिंत नाही. १०१व्या मीटरला कुणी कात्री घेऊन उभं नसतं. शंभर हे वचन आहे. भिंतीतली पक्की वायर ९० मीटर, दोन्ही टोकांच्या लवचीक पॅच कॉर्ड मिळून १०. एवढं पाळलंत, वायर आणि जोडणी प्रमाणाप्रमाणे केलीत, तर कुठल्याही कंपनीचं मशीन कुठल्याही कंपनीच्या मशीनशी बोलेल, अशी ती हमी. पुढे ११०, १२०लाही चालतं कित्येकदा. पण मग ते नशिबावर चालतं.

फोनची तार कशी जायची मग?

इथे हुशार वाचक मला अडवणार. ‘ओ मॅडम, बीएसएनएलची लँडलाइन एक्स्चेंजपासून दोन-तीन किलोमीटर लांब असायची. तीही तांब्याचीच. तिच्यावर ब्रॉडबँड कसं चालायचं?’

एकदम करेक्ट प्रश्न. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ आणलं, तेव्हा आपण २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत होतो आणि खूशही होतो. त्या एडीएसएलची युक्ती अशी, की ते खालच्या फ्रिक्वेन्सीवर राहायचं, साधारण एक-दोन मेगाहर्ट्झच्या आत. तिथे सिग्नल कमी थकतो. शिवाय ते तडजोडीला तयार असायचं. एक्स्चेंजच्या जवळ राहता? घ्या जास्त स्पीड. लांब राहता? कमी घ्या, पण घ्या. इथरनेट असं घासाघीस करत बसत नाही. १०० मेगाबिट म्हणजे १००, नाहीतर लाइन डाउन.

म्हणजे मर्यादा तांब्याची नाही, सौद्याची आहे. वेग हवा तर अंतर सोडा, अंतर हवं तर वेग सोडा. २००६मध्ये १० गिगाबिटचं इथरनेट आलं, तर साध्या कॅट-६ वायरीवर त्याची हमी फार तर ५५ मीटरपर्यंत. शंभर गाठायला कॅट-६ए घ्यावी लागते. डेटा सेंटरमधली कॅट-८ तर ३० मीटरवर हात टेकते. आणि उलट्या बाजूने, २०१९मध्ये कारखान्यांसाठी एक नवं प्रमाण आलं. एकच जोडी, वेग फक्त १० मेगाबिट, पण अंतर थेट एक किलोमीटर! आपल्या चिकलठाणा-वाळूजच्या लांबलचक शेड्ससाठीच जणू कुणी बसून लिहिलं.

आणि वेग सोडायचा नसेल, तर? तर पंगतीतला जुना उपाय. मधल्या पाटावर एक खणखणीत आवाजाचा काका बसवायचा. तो तुमचं ‘वरण’ ऐकतो आणि पुढे नव्याने ओरडतो. स्विच हेच करतो. तो नुसता आवाज वाढवत नाही, कारण त्यात गलकाही वाढेल. तो आधी समजून घेतो, मग कोऱ्या आवाजात पुन्हा सांगतो, आणि तिथून पुढे नवे शंभर मीटर सुरू होतात.

हा काका मी लहानपणीच पाहिलाय. २००५-०६च्या आसपास आमच्या गल्लीत ‘केबलचं इंटरनेट’ आलं, तेव्हा केबलवाल्या दादाने गच्चीवरून गच्चीवर वायरी फेकल्या होत्या. दर ऐंशी-नव्वद मीटरवर कुणाच्या तरी जिन्याखाली एक छोटा स्विच. ज्याच्या घरी स्विच, त्याला नेट फुकट, वीज त्याची. मस्त डील होती. लोच्या एकच. त्या घराचा फ्यूज उडाला किंवा लोडशेडिंग झालं, की पुढची सगळी घरं अंधारात. लाइट असून नेट नाही. गल्लीतल्या शेवटच्या घराला महिन्यातून निम्मे दिवस नेट नसायचं आणि पैसे मात्र पूर्ण भरावे लागायचे. ते शेवटचं घर आमचं होतं, हे वेगळं सांगायला नको.

गेटवरचा कॅमेरा आणि मेमो नंबर तीन

आता ती गोष्ट. मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत काम करते. आमच्या मागच्या गेटवर रात्रपाळीला एक वॉचमन मामा असतात. मुकुंदवाडीचेच, स्टेशनच्या बाजूला राहणारे. त्या गेटवरचा कॅमेरा रात्री बंद पडायचा. दिवसभर झकास, आणि रात्री रेकॉर्डिंगमध्ये भोकंच भोकं. सगळ्यांनी सोपा अर्थ लावला, मामा झोपायच्या आधी प्लग काढतात. मी जॉइन व्हायच्या आधीच दोन मेमो निघालेले होते, दोन दिवसांचा पगारही कापला गेला होता. तिसरा मेमो टाइप करून सहीला पाठवायचं काम माझ्या टेबलावर आलं. तिसऱ्या मेमोनंतर एजन्सी माणूस बदलणार, हे ठरलेलं. पन्नाशीच्या माणसाला ‘ड्युटीवर झोपतो’ असा शिक्का बसल्यावर दुसरी साइट कोण देणार?

मामांचं म्हणणं एकच. ‘ताई, म्या त्याला हात बी लावला न्हाई. रातभर तो सवताच डोळे मिचकावतोय.’

मेमोला तारखा लागतात, म्हणून मी रेकॉर्डरचा लॉग मागवला आणि शेजारी हजेरीचं रजिस्टर उघडलं. एचआरवाल्यांना तेवढं एकच शस्त्र येतं. आणि गंमत दिसली. मामांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, जेव्हा गेटवर दुसराच माणूस होता, तेव्हाही भोकं होतीच. रोजची सुरुवात साधारण सात-सव्वासातला. पण जुलैमधल्या एका दिवशी, आभाळ गच्च भरून आलं होतं तेव्हा, ती साडेपाचलाच. त्या वेळी मामा ड्युटीवर आलेलेसुद्धा नव्हते.

म्हणजे कॅमेरा मामांना भीत नव्हता, तो अंधाराला भीत होता.

मी आमच्या आयटीवाल्या पोराला चहा पाजला आणि गेटवर घेऊन गेले. त्याने मला एक भारी गोष्ट दाखवली. नेटवर्क केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. सर्व्हर रूमच्या टोकाला २१ होता, गेटवरच्या टोकाला १५२. करा वजाबाकी. १३१ मीटर! मग त्याने एक तार ब्लेडने खरवडली. वर तांबडी, आत पांढरी. तांबं नव्हतंच, ॲल्युमिनियमला तांब्याचा नुसता मुलामा. बिलावर अर्थातच ‘कॉपर केबल’ लिहिलेलं होतं.

डेटा कसाबसा पोचत होता. पण त्याच वायरीतून कॅमेऱ्याला वीजही जात होती, एका स्वस्तातल्या २४ व्होल्टच्या अडॅप्टरमधून. पोराने पेन काढून हिशेब मांडला. तांब्याची तार शंभर मीटरला नऊएक ओहमचा अडथळा करते. ही मुलाम्याची तार त्याच्या दीडपटीहून जास्त. १३१ मीटरला जाऊन-येऊन अडथळा वीस ओहमच्या घरात. अशा वाटेने २४ व्होल्टने कितीही जोर लावला, तरी पलीकडे सात-साडेसात वॅटच्या वर काही पोचूच शकत नाही. दिवसा कॅमेऱ्याचं तीन वॅटमध्ये भागायचं. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागायचे आणि तो मागायचा आठ वॅट. मिळायचे नाहीत, मग तो मान टाकायचा. बंद झाला की दिवे विझायचे, भूक कमी व्हायची, तो पुन्हा उठायचा, अंधार बघून पुन्हा दिवे लावायचा, पुन्हा आडवा. रातभर डोळे मिचकावणं म्हणतात ते हेच. मामांनी तांत्रिक बिघाडाचं वर्णन अगदी अचूक केलं होतं. फक्त ते कुणी ऐकलं नव्हतं.

वायरीतून वीज पाठवायचंही रीतसर प्रमाण आहे, बरं का. २००३चं. त्यात उगमापाशी १५.४ वॅट द्यायचे आणि टोकाला १२.९५ मिळतील असं धरायचं. मधले अडीच वॅट वायर खाणार, हे प्रमाण लिहिणाऱ्यांनी आधीच मान्य करून टाकलंय. पण हा हिशेब शंभर मीटरचा आणि तांब्याच्या वायरीचा आहे. मुलाम्याच्या वायरीला प्रमाणात जागाच नाही.

आणखी एक आपल्या हवेचा मुद्दा. सिग्नलची घट २० अंश सेल्सियसला मोजलेली असते. त्यापुढे ४० अंशांपर्यंत दर अंशाला ती ०.४ टक्क्याने वाढते, नंतर ६०पर्यंत ०.६ टक्क्याने. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालून गेलेली वायर किती तापते, हे एमआयडीसीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. ६० अंशांना घट २० टक्क्यांनी जास्त. म्हणजे तुमच्या ९० मीटर पक्क्या वायरीची हमी उरते ७५ मीटरची. जानेवारीत टेस्टिंग पास झालेली लाइन मे महिन्यातल्या दुपारी का गळपटते, त्याचं हे एक उत्तर. मराठवाड्यात शंभर मीटर उन्हाळ्यात आटतात.

काचेचा रस्ता

शेवटी आम्ही गेटपर्यंत फायबर टाकलं, आणि कॅमेऱ्याला वीज मामांच्या केबिनमधूनच दिली. प्लग तिथेच होता, पंख्याच्या बटणाशेजारी.

फायबरचं गणित ऐकून मला खरंच गार वाटलं. १९६६मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं, की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरला २० डेसिबल घटीत प्रकाश धाडता येईल. १९७०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ते करून दाखवलं, १७ डेसिबलमध्ये. काओंना २००९मध्ये नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या फायबरमध्ये ही घट किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असते. तांब्याच्या वायरीत शंभर मीटरमध्ये जितकी शक्ती संपते, तितकीच संपायला काचेत १२० किलोमीटर जावं लागतं. इथून निघालात तर जवळपास अहिल्यानगर! आणि काचेला शेजारणीची कुजबुजही ऐकू येत नाही, विजेचा कडकडाटही नाही.

भारी गोष्ट म्हणजे ही काच आपल्याच गावची आहे. वाळूज आणि शेंद्रा एमआयडीसीत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे, म्हणजे एसटीएलचे, ऑप्टिकल फायबरचे कारखाने आहेत. काचेची जाडजूड कांडी वितळवून तिच्यातून १२५ मायक्रॉनचा तंतू ओढायचा, आपल्या केसाच्या जाडीच्या जवळपास. जालना रोडवरून शेंद्र्याच्या बसमधून रोज पंचतारांकित चेहऱ्याने जाणारे तुमच्यापैकी कित्येक जण त्याच कामावर असतील. त्या शेंद्र्याच्या अलीकडे काही किलोमीटरवर, चिकलठाण्यात, आमचा कॅमेरा मुलाम्याच्या तारेवर रात्रभर उठाबशा काढत होता.

काचेलाही मर्यादा आहेतच. घरोघरी येणाऱ्या फायबरचं नेहमीचं प्रमाण एक्स्चेंजपासून सुमारे २० किलोमीटरचं असतं, कारण वाटेत एकाच प्रकाशाचे बत्तीस-चौसष्ट वाटे पडतात. पण गल्लीतल्या शेवटच्या घराला आता जिन्याखालच्या स्विचची वाट बघावी लागत नाही. आमच्या घरी परवा स्पीड टेस्ट केली. पहिल्या घराला जितका येतो, तितकाच आला.

मामांचे दोन्ही जुने मेमो फाइलमधून रद्द करून घेतले. कापलेल्या पगारापैकी एक दिवसाचे पैसे परत आलेत. दुसऱ्या दिवसाचे ‘प्रोसेस’मध्ये आहेत. एचआरच्या फाइलला किती लांबीपर्यंत जाता येतं, याचं प्रमाण अजून कुणी लिहिलेलं नाही. मी मागे लागलेय.

जाता जाता

नवीन ऑफिसचं किंवा घराचं वायरिंग करून घेताय? मग एवढं बघाच.

वायर टाकून झाली की दोन्ही टोकांवरचे छापील आकडे लिहून ठेवा. वजाबाकी नव्वदच्या आत हवी, आणि वायर पत्र्याखालून जाणार असेल तर पंचाहत्तरच्या.

बिल देण्याआधी एक तार खरवडा. आत पांढरी निघाली तर पैसे देऊ नका.

अंतर जास्त असेल तर मध्ये स्विच ठेवा, पण त्याला वीज कुठून मिळणार आणि ती गेली तर काय, हे आधी ठरवा. त्यापेक्षा सरळ फायबर टाका.

आणि पुढच्या वेळी शेवटच्या टेबलावरचा, शेवटच्या शेडमधला किंवा गेटवरचा माणूस म्हणाला, ‘साहेब, माझ्याकडून पोचलं होतं’, तर त्याला मेमो द्यायच्या आधी वायर मोजा. दहा मिनिटांचं काम आहे. आकडे वायरीवरच छापलेले असतात.